अप्रेंटिसचा तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो

माझ्या भाच्याचा फिटरचा आयटीआय झालाय. सोमवारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून हजर व्हायचं होतं. रविवारी रात्री ताईला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला आणि तिनं मलाच झापलं, "पोराला वेठबिगारीला लावायलास काय रे?"

मेसेज असा: अप्रेंटिस कायद्यानं कामगार नसतो, म्हणून मशीनमध्ये हात गेला तरी मालकावर जबाबदारी नाही. स्टायपेंड सगळा सरकार देतं. मध्येच सोडलं तर ५० हजार दंड. वर्ष झालं की हाकलतात. आणि शेवटी सल्ला: कशावर सही करू नका, साधं ‘ट्रेनी’ म्हणून लागा.

आधी हाताचं बोलू. अप्रेंटिस कामगार नाही हे खरंय, १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात कलम १८ तेच सांगतं. पण मेसेजवाल्यानं बहुतेक तिथंच वाचन थांबवलं. त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की शिकताना अपघात झाला तर भरपाई मालकानंच द्यायची, कामगाराला देतात तशी. कलम १४ प्रमाणे कारखान्यातले सुरक्षेचे नियमही त्याला लागू. हे सगळं मिळतं ते नोंदलेल्या करारामुळं, आणि हा शहाणा म्हणतो सहीच करू नका!

मी जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, मागांच्या खडखडाटात निम्मं आयुष्य गेलं. पूर्वी जिथं होतो तिथं एक पोरगा असाच ‘ट्रेनी’ होता, तोंडी. टॉवेलच्या मागाचा गिअर पुसताना उजव्या हाताची दोन बोटं गेली. मस्टरवर नाव नाही, करार नाही. मालकानं रिक्षाभाडं आणि मलमपट्टीचे पैसे दिले. नंतर विचारायला गेलो तर म्हणाला, "तो आमच्याकडं नव्हताच की." मेसेज लिहिणाऱ्यानं त्या पोराला भेटावं एकदा.

बाकीचं पटापट. स्टायपेंड मालकच देतो. २०१९च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिना किमान ७,००० ठरले. सरकारी योजनेतून त्यातला चौथा हिस्सा मिळतो, तोही जास्तीत जास्त १,५००, आणि आता तो थेट पोराच्या खात्यात जमा होतो. मालक काही उपकार करत नाही. ३० किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात.

दंडाचा ५० हजाराचा आकडा कायद्यात कुठंच नाही. चूक पोराची असेल तर शिकवण्याचा खर्च मागता येतो, मालकाची असेल तर पोराला भरपाई. बाजू दोन आहेत, मेसेजात एकच आली.

हाकलण्याचं मात्र, नाइलाजानं, मान्य. करारात लिहिलं नसेल तर नोकरी देणं मालकाला बंधनकारक नाही. उत्तर प्रदेशच्या एसटीच्या खटल्यात १९९५ साली सुप्रीम कोर्टानं बाकी सगळं सारखं असेल तर शिकलेल्या अप्रेंटिसला आधी घ्या असं म्हटलं, पण ‘सारखं असेल तर’ला किती वाटा फुटतात ते आपल्याला ठाऊक आहे. शिकवायच्या नावाखाली पोरांना नुसतं पाळीवर जुंपणारे मालकही सोलापुरात आहेत, ते कशाला झाकू?

ताईला कलम १६ मोठ्यानं वाचून दाखवलं. भाचा बुधवारी गेला, नोंदणी नंबर बघूनच सही केली. तोवर ताईनं मेसेज बचत गटाच्या ग्रुपवर टाकला होता. काढ म्हटलं, तर म्हणते आता सगळ्यांकडचा डिलीट होत नाही.