संताची बायको रंगवताना घ्यावयाची काळजी

आषाढी एकादशीच्या आदल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात ‘संतांचा संसार’ या विषयावर एका व्याख्यात्यांचे भाषण झाले आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे असल्यामुळे ते मला पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकावे लागले. तासाभराच्या भाषणातली वीस मिनिटे तुकोबांच्या वाट्याला आली आणि चाळीस त्यांच्या पत्नीच्या. ती चाळीस मिनिटे वक्त्यांनी उपरणे कमरेला खोचून, नाकातून आवाज काढून आवलीची नक्कल करण्यात खर्च केली, आणि सभागृह पोट धरून हसले. असे यश आपोआप मिळत नाही, त्यामागे शास्त्र असते. आपणांपैकी कोणाला पुढेमागे या धंद्यात उतरायचे असेल, तर त्यांच्या सोयीसाठी ते शास्त्र येथे लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे बाईचे नाव जपून वापरावे. ‘पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई’ असे म्हटले की तिला बाप येतो, माहेर येते, एका सावकाराच्या घरातले तिचे लहानपण येते आणि श्रोत्यांचे हसू विझते. म्हणून ‘आवली’ एवढेच म्हणावे, तेही पहिल्या अक्षरावर जोर देऊन.

पहिली बायको रखमाबाई दमेकरी होती, एवढे सांगून तिला ताबडतोब मारून टाकावे आणि पुढे सरकावे.

येथे एक धोका आहे. रखमाबाई कशाने गेली, हे कोणी विचारू नये अशी व्यवस्था आपण केली पाहिजे. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचे दुकान बुडाले, गुरेढोरे गेली, मुलगा संतू गेला आणि ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ही ओळ व्याख्यानात चुकूनही म्हणू नये. कारण ती म्हटली की एखादी चौकस श्रोती मनात हिशेब करू लागते, की त्याच घरात, त्याच चुलीपाशी दुसरी बायकोही होती. सवत अन्न अन्न करीत गेली ते तिने पाहिले होते. आणि पुढे घरात आलेली दाण्यांची गोणी नवरा लोकांच्या टोपल्यांत रिकामी करू लागला तेव्हा ती ओरडली, तर त्या ओरडण्याला कजागपणा म्हणायचे की आठवण? असले प्रश्न कार्यक्रमाचा रंग घालवतात. तसेच संतचरित्रे लिहिणाऱ्या महिपतींनी सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात हीच बाई स्वतःच्या नावावर खत लिहून देऊन दोनशे रुपये कर्ज काढते आणि नवऱ्याला व्यापाराला धाडते, त्या दोनशेचे तो अडीचशे करतो आणि घरी परतताना वाटेत भेटलेल्या एका गांजलेल्या माणसाला सगळे देऊन मोकळा होतो, असा प्रसंग आहे. तो अवश्य सांगावा, पण कर्ज कोणाच्या नावावर होते हे गाळून सांगावा, म्हणजे औदार्य तेवढे शिल्लक राहते आणि सावकार कोणाच्या दारात येऊन बसला असेल हा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खते, म्हणजे कर्जरोखे, इंद्रायणीत बुडवल्याच्या प्रसंगी तर गळा दाटून यावा. त्यातली निम्मी खते आधी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिलेली होती, म्हणजे दिराच्या घरी वसुली चालू राहिली आणि हिच्या घरी नदी, हा तपशील रसभंग करणारा आहे.

कोणी फारच वाद घातला तर ‘बाईल कर्कशा’ हे तुकोबांचेच शब्द आहेत असे ठणकावून सांगावे. त्याच अभंगात दिवाळे निघाले तेही बरे झाले, दुष्काळाने पीडले तेही बरे झाले, लोकांत अपमान झाला तोही बरा झाला, असे ते देवाला सांगतात. तो माणूस आपल्या सगळ्या नुकसानीची यादी देवापुढे ठेवतो आहे. त्या यादीतल्या दुष्काळाची नक्कल आजवर कोणत्याही वक्त्याने नाकातून आवाज काढून केलेली नाही. आणि गोणी घरात येऊनही पोरांना दाणे मिळत नाहीत, ही तिची तक्रार आपल्याला कळली ती नवऱ्याच्याच गाथेतून. तिचे बोलणे त्याने खोडले नाही, अभंगात बसवले. अर्थात हेही सांगू नये.

विद्वत्तेची फोडणी हवी असल्यास ग्रीसमधून सॉक्रेटिसच्या बायकोला, झांटिपीला, बोलवावे. सॉक्रेटिसच्या डोक्यावर तिने पाणी ओतल्याची गोष्ट काही शतके उशिरा लिहिणाऱ्यांकडून आली आहे, पण तीच सांगावी; प्लेटोच्या संवादात, सॉक्रेटिसने विष घ्यायच्या दिवशी, मूल घेऊन तुरुंगात त्याच्यापाशी बसलेली आणि ‘मित्रांशी हे तुमचे शेवटचेच बोलणे’ म्हणून रडणारी झांटिपी सांगू नये. तिला कोणीतरी घरी न्यावे असे सॉक्रेटिस म्हणतो आणि मग आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा निवांतपणे सुरू होते. ‘बायको चांगली मिळाली तर सुखी व्हाल, वाईट मिळाली तर तत्त्वज्ञ व्हाल’ हे वाक्य सॉक्रेटिसच्या कोणत्या ग्रंथात आहे असे कोणी विचारले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

उपनिषदाला हात घालायचा तर याज्ञवल्क्य ऋषींशी ज्ञानचर्चा करणाऱ्या त्यांच्या पत्नीवर, मैत्रेयीवरच थांबावे. याज्ञवल्क्याला आणखी एक पत्नी होती, कात्यायनी नावाची. बृहदारण्यक उपनिषद तिला ‘स्त्रीप्रज्ञा’, म्हणजे बायकांपुरती अक्कल असलेली, या एका शब्दात निकालात काढते आणि तिच्या तोंडी अख्ख्या उपनिषदात एक वाक्य देत नाही. बहुधा ती त्या वेळी स्वयंपाकघरात असावी.

‘कार्येषु दासी’ हा श्लोक पाठ असू द्यावा; लग्नात उपयोगी पडतो.

बाई गप्प असेल तर मात्र तिच्यावर काव्य करावे, हा नियम जुनाच आहे. गाथासप्तशती या प्राचीन प्राकृत काव्यसंग्रहात गरिबाघरच्या एका गर्भवतीला तिचे डोहाळे विचारतात, तेव्हा नवऱ्याला लाज वाटू नये म्हणून ती ‘पाणी’ एवढेच मागते. ती गाथा इतकी सुंदर आहे की वाचताना मलाही गहिवरून येते, आणि मग माझ्या लक्षात येते की दोघींची भूक एकच आहे. एकीने ती गिळली म्हणून ती गृहिणी झाली आणि दुसरीने ती बोलून दाखवली म्हणून तिची चाळीस मिनिटे नक्कल.

उलट बाजूचे उदाहरण चुकूनही घेऊ नये. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांतून स्वतःचे चरित्र सांगितले आहे, आणि तिशीच्या बिजवराशी लहानपणीच लग्न झालेल्या या बाईने नवऱ्याचा मार कसा खाल्ला, हेही त्यात आहे. संतिणीचा तापट नवरा म्हणून त्या माणसाची नक्कल कोणी केलेली तुम्ही ऐकली आहे? उपरणे फिरवून, डोळे वटारून? नाही ना. त्याचे ते प्रारब्ध, तिची ती कसोटी. मार देणारा गंभीर विषय ठरतो, आणि पिठाचा डबा रिकामा आहे म्हणणारी विनोदी पात्र. कोणत्या तोंडाने हसता हो तुम्ही?

हे सगळे मी त्या वक्त्यांना भाषणानंतर अर्थातच बोलले नाही. दोनशे रुपयांच्या कर्जाचे तेवढे अगदी नम्रपणे विचारले. त्यावर ‘ताई, तुम्ही तर आवलीच्याच वळणावर गेलात,’ असे ते म्हणाले आणि आजूबाजूचे पाचसहा पुरुष पुन्हा हसले, त्यांत आमचे अध्यक्षही होते. वैराग्यावर बोलून झालेल्या त्या गृहस्थांनी मानधनाचे पाकीट तिथेच फोडून नोटा मोजल्या आणि पेट्रोलचे वेगळे ठरले होते याची आठवण करून दिली. ठरले होते, मिळायलाच हवे. मग त्यांच्या बायकोने हिशेब मागितला तर ती कर्कशा कशी होते, एवढे मला सांगा. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते. पोराबाळांचे पोट सांभाळणाऱ्या बाईवर गेली पावणेचारशे वर्षे टाळ्या घेता, आणि तिच्यासारखे एक दिवस तरी कोणासाठी उपाशी राहिला आहात का?

जेवायला पिठले, भाकरी आणि ठेचा होता, सोसायटीतल्या चौघीजणींनी सकाळपासून खपून केलेला. पहिला घास घेतल्यावर ते म्हणाले, ‘भाकरी जरा गार झाली आहे, गरम मिळेल का?’ जिजाई भाकरी घेऊन उन्हातून भंडाऱ्याचा डोंगर चढायची, नवरा जेवल्याशिवाय स्वतः जेवत नसे असे सांगतात. ती भाकरी वर पोहोचेपर्यंत गारच होत असणार. तुकोबांच्या साडेचार हजार अभंगांत त्या गार भाकरीबद्दल एकही तक्रार मला सापडलेली नाही.