चांदी जखमेवर ठीक, पोटात नको: विट्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

चांदीच्या नॅनोकणांवरच्या (म्हणजे अतिसूक्ष्म कणांवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच रागावून लिहिलंय. ‘आमच्या तीन पिढ्या गलाईत (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात) गेल्या, चांदी आम्हाला शिकवू नका. चांदीपुढं कुठलाच जंतू टिकत नाही. अँटिबायोटिक्स निकामी होत असताना चांदीचं पाणी पिऊ नका म्हणता, म्हणजे तुम्ही औषध कंपन्यांचेच.’ पुढं हेही लिहिलंत, की वडिलांना साखर आहे, पायाची जखम चिघळलीय, पुवाच्या तपासणीत बहुतेक औषधांपुढं ‘आर’ (म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही) आलाय आणि ऑनलाइन मागवलेलं चांदीचं पाणी (चांदीचे बारीक कण मिसळलेलं) तुम्ही त्यांना पाजताय. हे वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

चांदी जंतू मारते, यात वादच नाही. नॅनोकणांतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटत राहतात. ते जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, त्याचं आवरण दुबळं करतात, त्याची श्वसनाची यंत्रणा बिघडवतात. घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसतो. २०१३ मध्ये अमेरिकेत संशोधक जेम्स कॉलिन्स यांच्या गटानं दाखवलं, की सोबत थोडी चांदी असली तर ई. कोलायसारख्या (आतड्यात आढळणाऱ्या) जंतूंवर अँटिबायोटिक जास्त जोरानं काम करतं. उंदरांमध्येही ते दिसलं. मी लेखात लिहिलेली आशा हीच, आणि ती आजही आहे.

पण ‘कुठलाच जंतू टिकत नाही’ हे खरं नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरत. तिथं साल्मोनेला या जंतूचा असा वाण निघाला, की त्याला चांदीही लागू पडेना आणि अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिक्सही. १९७५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. वॉर्ड बंद करावा लागला होता. १९९९ मध्ये त्यामागची जनुकं उलगडली. डीएनएच्या एका छोट्या कड्यावर चांदी पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप होते आणि त्याच कड्यावर अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकंही होती. असं कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडं जातं. म्हणजे चांदीचा मारा जिथं वाढेल, तिथं अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही सोबत पोसले जाऊ शकतात. मला खरी काळजी याची वाटते. मोज्यांत चांदी, बाटलीत चांदी, रोज सकाळी घोटभर चांदी. भाजलेल्या माणसासाठी राखून ठेवायची वस्तू आपण अशी उधळतोय.

नॅनोकणांनाही जंतू चुकवतात. २०१८ मध्ये चेक संशोधकांनी पाहिलं, की पुन्हा पुन्हा कण सोसलेले ई. कोलाय फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. त्यानं कणांच्या गुठळ्या होतात आणि त्यांचा जोर जातो. त्यावर त्यांना काय उपयोगी पडलं, तर डाळिंबाच्या सालीचा अर्क! आपल्या आटपाडीत ही साल उकिरड्यावर जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं. (हा प्रयोग प्रयोगशाळेतला आहे. वडिलांच्या जखमेवर साल वाटून लावू नका.)

आता पिण्याबद्दल. चांदी तेजाबात विरघळवताना थेंब उडाला तर बोटं काळी पडतात आणि दिवसेंदिवस डाग जात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. रोज पोटात गेलेली चांदी तसंच आतून करते. ती कातडीत साठते, अंग निळसर-राखाडी होतं आणि तो रंग सहसा परत फिरत नाही. रक्तात तिला क्लोराइड आणि प्रथिनं गाठतात, नॅनोकण असतील तर बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवतात. काचेच्या ताटलीत जंतू मारणारी मात्रा पायाच्या जखमेपर्यंत अशी पोचत नाही. चांदी असलेली कुठलीही विनाचिठ्ठी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं १९९९ मध्येच जाहीर केलं. चांदीच्या भांड्यातलं पाणी वेगळं. त्यात उतरणारी चांदी अगदी नगण्य. तुमची बाटली तशी नाही.

मग जखमेवर चांदीची पट्टी चालेल का? भाजण्याच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीचं मलम कित्येक दशकं वापरात आहे. मधुमेही पायाचं तसं नाही. नुसती जखम लवकर भरावी म्हणून जंतुनाशक पट्ट्या लावू नका, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिथं आधी मेलेलं मांस काढणं, पायावरचा भार कमी करणं, रक्तपुरवठा तपासणं आणि साखर आवरणं लागतं. हे काम सर्जनचं, आणि मिरज तुम्हाला लांब नाही.

एक गोष्ट आजच करा. बाटली बंद करा आणि ती घेऊनच डॉक्टरांकडं जा. चांदीच्या पाण्यामुळं काही अँटिबायोटिक्स आणि थायरॉइडच्या गोळ्या पोटातून नीट शोषल्या जात नाहीत. ‘आर’ सोडून जे एखाददुसरं औषध उरलंय, ते गोळीच्या रूपात चालू असेल तर हे त्यांना कळायलाच हवं. त्या रिपोर्टमध्ये ‘एस’ (म्हणजे लागू पडणारं) कुठल्या औषधापुढं आहे तेही विचारून घ्या आणि इथं कळवा, मी वाट बघतोय.