ग्रेड वन

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं आलं की आपल्याकडे आधी माणसाचं चारित्र्य तपासतात, यकृताची पाळी नंतर येते. डॉक्टरांनी विचारलं, "घेता का?" माझ्याआधी बायकोच म्हणाली, "छे हो, हे साधा सोडासुद्धा घेत नाहीत!" आणि परत येताना रिक्षात हळूच, "घेत नाही ना?"

दारूला न शिवताही हे होतं. यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी साठली की झालं फॅटी लिव्हर. आळ बिचाऱ्या तेलातुपावर जातो, पण साखर आणि मैदाही कमी नाहीत. गरजेपेक्षा जास्त आलेली साखर यकृत चरबी करून ठेवतं. या आजाराच्या जुन्या नावात निदान 'नॉन-अल्कोहोलिक' असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. 2023 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते काढून चयापचयाशी जोडलेलं नवं नाव ठेवलं. तेवढं एकच प्रमाणपत्र होतं हो माझ्याकडे!

उपाय काय, तर वजनाच्या सात ते दहा टक्के घट. माझ्या चौऱ्याऐंशी किलोंतले सहा ते आठ, आणि तेही सावकाश. मेहुण्याने आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहायचा बेत सुचवला होता, पण वजन झटक्यात उतरवलं तर यकृताचं उलट बिघडू शकतं. असा दिलासा डॉक्टरांकडून फार क्वचित मिळतो.

खरी अडचण एकादशीची. एरवी आई माझ्या भाकऱ्या मोजते, पण आषाढीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या आणि खजूर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, असं म्हटलं तर म्हणाली, "आज कसलं डाएट? आज उपास आहे!" यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही.

व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं. भरभर चालायचं, बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. म्हणून तळजाईच्या टेकडीवर जातो. तिथल्या काकालोकांना राजकारणावर बोलताना कधीच दम लागत नाही, त्यामुळे त्यांचा वेग किती हे कळायला मार्ग नाही. उतरताना मात्र सगळे पळतात, कारण खाली गरम वडे असतात. मी पळतो, पण वड्यांच्या पुढे. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठबशा. स्नायूंना काम दिलं की वजनाचा काटा हलला नाही तरी यकृतातली चरबी कमी होऊ शकते. शाळेत गुरुजी हे फुकट करून घ्यायचे, आम्हीच नाकं मुरडायचो.

कॉफी मात्र यकृताला मानवते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तीही काळी, बिनसाखरेची. शेजारच्या काकूंकडे तशी मागितली तर त्यांचा चेहराच पडला. "दूध आहे हो घरात!" मी ठाम राहिलो. कॉफी आली, आणि ती कडू लागेल म्हणून सोबत बशीत पाकातले चिरोटे. मी लिव्हरचं सांगितलं.

"कितवं ग्रेड?"

"वन."

"मग घ्या की. टू झालं की बघू."