‘बाळासाठी आईची मांडीच सर्वांत सुरक्षित’ : सीट बेल्टविषयीच्या एका संदेशाला उत्तर

‘सीट बेल्टमागचे लपवलेले सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु माझ्या भाचीने, जिचे बाळ अवघ्या नऊ महिन्यांचे आहे, तो वाचून पुण्याहून कोल्हापूरला जाताना चाइल्ड सीट घरी ठेवली आणि संपूर्ण प्रवास बाळाला मांडीवर घेऊन केला. ‘मामा, इतक्या जणांनी पाठवलाय, म्हणजे काहीतरी तथ्य असेलच ना?’ असे तिने विचारल्यावर उत्तर लिहून काढणे भाग पडले. संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत : गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर बेल्टमुळे माणूस आत अडकतो, मागच्या सीटवर बेल्टची गरज नसते, एअरबॅग असेल तर बेल्ट निरुपयोगी ठरतो, गरोदर स्त्रीने बेल्ट लावू नये, आणि बाळासाठी आईची मांडी हीच सर्वांत सुरक्षित जागा असून फार तर आईने आपल्याच बेल्टमध्ये बाळाला घ्यावे.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो जीवघेणा आहे. आईने घट्ट धरलेले मूल सुटत नाही, असे संदेश लिहिणारा मोठ्या खात्रीने सांगतो. त्याने साधे गणित मांडून पाहायला हवे होते. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या भिंतीवर आदळली, तर ती सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात थांबते. तेवढ्या वेळात ९ किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवायचे, तर हातांना सरासरी सव्वाशे किलोंचा ओढा सहन करावा लागेल, आणि धडक बसणार आहे हे हातांना आधी कळलेलेही नसते. कोणत्याही आईची माया याहून कमी पडते असे मला म्हणायचे नाही. माणसाच्या स्नायूंना हे शक्यच नाही, इतकेच मी सांगतो आहे. हातातून सुटलेले बाळ त्याच वेगाने पुढच्या सीटवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर आदळते. हा वेग तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो.

‘आईच्याच बेल्टमध्ये बाळ’ हा उपाय तर याहून भयंकर आहे. धडकेच्या क्षणी आईचे शरीर पुढे झेपावते आणि बेल्ट त्याला अडवतो; या दोहोंच्या मध्ये बाळ सापडते. साठ किलो वजनाच्या स्त्रीला वरच्याच वेगातून थांबवायला सरासरी साडेआठशे किलोंच्या आसपास जोर लागतो, आणि त्यातला मोठा वाटा बाळाच्या छातीवर व पोटावर येतो. सुरक्षिततेसाठी लावलेला पट्टाच येथे बाळाला चिरडतो. ज्याने कोणी हा सल्ला लिहिला, त्याने तो लिहिण्यापूर्वी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला विचारण्याचे कष्टही घेतलेले दिसत नाहीत, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कित्येकजण स्वतः आजीआजोबा आहेत, याचा मला खरोखर संताप येतो.

चाइल्ड सीट नेमके काय करते, तेही सांगायला हवे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, तर मानेची हाडे पुरती टणक झालेली नसतात. म्हणून तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशा रीतीने बाळाची सीट बसवतात. समोरून धडक बसली की सगळा भार पाठ, मान आणि डोके यांवर मिळून सीटच्या पाठीत पसरतो आणि मान एकटी झटका सोसत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून सांगते आहे की, त्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा ओलांडेपर्यंत मूल असेच उलट्या दिशेला बसवावे. मात्र अशी सीट चालू एअरबॅगच्या समोर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते. पट्टे पुरेसे घट्ट आहेत का, हे पाहण्यासाठी खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत त्याची घडी येत असेल तर तो सैल आहे.

मागच्या सीटविषयीचा दावा आपल्याकडे इतका रुजला आहे की अनेक टॅक्सींमध्ये आणि घरच्या गाड्यांमध्येही मागची बक्कले सीट कव्हराखाली गाडलेली असतात. हात खुपसून ती शोधावी लागतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अपघात अहवालानुसार त्या वर्षी बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ सहप्रवासी. बेल्ट असता तर हे सगळे वाचले असते, असे हा आकडा म्हणत नाही. परंतु बेल्ट ही फक्त ड्रायव्हरची गोष्ट आहे, हा समज त्याने पार खोडून निघतो. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला आणि पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले; मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. शिवाय मागे मोकळा बसलेला माणूस पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसाचाही जीव धोक्यात घालतो.

आग आणि पाणी यांची भीती दाखवणे सोपे असते. असे अपघात एकूण अपघातांच्या मानाने फारच थोडे असतात, आणि झाले तरी शुद्धीवर असलेला माणूसच एका बोटाने बक्कल दाबून बाहेर पडू शकतो. शुद्धीवर राहण्याची शक्यता बेल्टनेच वाढते. एअरबॅग क्षणभर फुगते आणि लगेच रिकामी होते, गाडी उलटली किंवा दुसरी धडक बसली तर धरून ठेवायला फक्त बेल्टच उरतो. बेल्ट न लावताच गाडीचा इशाऱ्याचा आवाज बंद ठेवण्यासाठी बक्कलमध्ये अडकवायच्या क्लिपा ऑनलाइन विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या विक्रीतून काढायला लावल्या, ते योग्यच झाले. गरोदर स्त्रियांनी बेल्ट अवश्य लावावा; कमरेचा पट्टा पोटाच्या खालून, ओटीपोटाच्या हाडांवरून, आणि खांद्याचा पट्टा स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने घ्यावा.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ‘बेल्टमुळेही इजा होते’ हे संदेशातले वाक्य खोटे नाही. मोठ्या धडकेत पट्ट्याचे वळ उठतात, गळपट्टीचे हाड किंवा बरगडी मोडते, आणि पट्टा काखेखालून किंवा पोटावरून घेतला असेल तर आतड्यांना, प्लीहेला दुखापत होते. तसेच लहान मुलाला मोठ्यांचा बेल्ट तसाच लावला तर तो गळ्यावर आणि पोटावर येतो. पण यातून निघणारा निष्कर्ष बेल्ट नीट लावण्याचा आणि मुलासाठी उंचीप्रमाणे सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) घेण्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे, तरी त्याची अंमलबजावणी क्वचितच दिसते, ही तक्रारही रास्त आहे.

चाइल्ड सीट महाग आहे, हे भाचीचे म्हणणे मला पटते. नात्यातली वापरलेली सीट चालेल, पण तिने एकही अपघात पाहिलेला नसावा, पट्टे उसवलेले नसावेत आणि मागच्या बाजूला चाइल्ड सीटच्या सुरक्षिततेसाठीच्या आर४४ किंवा आर१२९ या मानकाचे लेबल शाबूत असावे. ते लेबल नसेल तर ती सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये.