कपल म्हणजे नेमके किती?

परभणीच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहिता लिहिता डोक्यावरचे केस गेले, पण आकडा कधी चुकला नाही. चुकला तो इंग्रजीत, आणि तोही दोनाचा.

सोयाबीनच्या ट्रकमधले 7 कट्टे, म्हणजे पोती, वाटेत पावसानं भिजले. 12 टक्के ओलाव्याच्या मापात भिजका कट्टा म्हणजे कटती, पैशातली कपात, ठरलेली. मालक म्हणाले, "मुंबईच्या पार्टीला मेल टाक. बोभाटा नको करू, दोन-चार म्हण." आमच्याकडं दोन-चार म्हणजे दोनापासून एकोणिसापर्यंत काहीही. पाच-पन्नास, शे-दीडशे, सगळं असंच. आजवर कुठल्या क्रियापदानं अडवलं नाही.

मी लिहिलं, 'कपल बॅग्ज इज वेट.' कपल हा शब्द मला लग्नातल्या फोटोग्राफरकडून मिळालेला.

नववीतली पुतणी मागून वाचत होती. "काका, कट्ट्यांचं लग्न लावलं का? आधी 'अ', मग कपल, मग 'ऑफ'. आणि इज नाही, आर."

"कामून? 'अ' म्हणजे एकच ना?"

"भिजले कोण? कट्टे. मग आर."

तिनं मोबाईलवर कोश उघडला. कपलचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ बंध, गाठ. म्हणजे फोटोग्राफर बरोबर होता. काटेकोर धरलं तर दोन. सैल बोलताना तीन-चारही खपतात. सात खपतात का, हे मी विचारलं नाही.

आणखी भिजले असतील तर? 'अ कपल ऑफ मोअर बॅग्ज' लिहिलं. तेही चूक. मोअर आलं की ऑफ जातं. जावा-जावांसारखं, एक आली की दुसरी उठून चालली. अमेरिकेतले लोक बोलताना ऑफ एरवीही गिळतात म्हणे. मी म्हटलं, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांना अमेरिका काय लांब? "लिहिताना नाही गिळायचं, काका."

मग लॉटकडं वळलो. लॉट तर आमच्याच घरचा, रोज सकाळी लिलावात बोली लागते त्याची. इथंही घात. अ लॉट ऑफ बॅग्ज आर, पण अ लॉट ऑफ सोयाबीन इज. ढीग तोच, पोत्यात भरला की आर, मोकळा सांडला की इज. घाईत अ आणि लॉट जोडून लिहिलं, तर असा शब्दच नाही म्हणाली. मध्ये एक एल वाढवला तर त्याचं वाटप होतं. भिजलेल्या सोयाबीनचं वाटप कोण घेणार!

शेवटी 'अ कपल ऑफ बॅग्ज आर वेट' एवढंच गेलं. व्याकरण चोख.

दुसऱ्या दिवशी पार्टीचा फोन. "भाऊ, तुमच्याकडं कपलमध्ये सात जण असतात का?"

"आमच्याकडं एकत्र कुटुंब असतं, शेठ."

शेठ पोटभर हसले आणि सातही कट्ट्यांचे पैसे कापले.