खुलासा : मायटोकाँड्रियाचा आजार ‘फक्त आईकडून’ येत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “मायटोकाँड्रियाचे आजार फक्त आईकडूनच येतात, सोयरीक करताना मुलीचं घराणं तपासा.”

अर्धंच खरं. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं. त्यांचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो, पण त्यात जीन्स अवघे 37. मायटोकाँड्रियाला लागणारी हजारभर प्रथिनं पेशीकेंद्रातल्या जीन्सवरून बनतात, आणि ते जीन्स आई-बाप दोघांकडून येतात. सर्फ-1 जीनमुळे होणारा ली सिंड्रोम घ्या, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा गंभीर आजार. आई-बाप दोघंही धडधाकट, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत. दोन्ही सदोष प्रती बाळात येऊन आजार होण्याचा प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका. मामाची पोरगी करायची आपली रीत अशा आजारांची शक्यता वाढवते, त्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही!

मायटोकाँड्रियाच्या डीएनएतला दोष आईकडून आला तरी सदोष डीएनएचं प्रमाण भावंडाभावंडांत वेगळं असू शकतं. एक मूल अंथरुणाला खिळतं, दुसरं पार्क मैदानावर क्रिकेट खेळतं.

पूर्व भागातल्या एका आजींनी तो मेसेज छापून नातवाच्या फायलीत सगळ्यांत वर लावला होता, सुनेला दिसावा म्हणून. खालचा रिपोर्ट कुणी वाचलाच नव्हता. दोष सर्फ-1 मध्ये, एक प्रत आईची, एक बापाची.