शिकायच्या भाषांची यादी

'कोणकोणत्या भाषा येतात?' या प्रश्नाला माणूस सहसा खरं उत्तर देत नाही. त्यातून अर्जात 'बोलता, वाचता, लिहिता' असे तीन चौकोन असले, तर मग बघायलाच नको. ज्या भाषेत जेमतेम नमस्कार घालता येतो, तिच्यापुढेही 'बोलता'वर खूण होते. त्याच्याच खालचा 'कोणत्या भाषा शिकायला आवडतील?' हा रकाना मात्र सगळे मनापासून भरतात. माझा तर समासात चढतो. भाषा शिकायची नुसती इच्छा असणं प्रकृतीला फार मानवतं. नवी वही, दोन रंगांची पेनं, पहिल्या पानावर कोरीव अक्षरात भाषेचं नाव. भानगडी सुरू होतात त्या पान उलटल्यावर.

जर्मनचंच घ्या. तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी! हे मी भेटेल त्याला हसून सांगत सुटलो होतो. मग मराठी शिकणाऱ्या एका परिचितानं मला गाठलं. ''तो चमचा, ती सुरी, ते ताट. असं का हो?''

''असंच असतं.''

''पण नियम काय?''

''नियम असा नाही. कानालाच कळतं.''

त्यानं स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि म्हणाला, ''याला नाही कळत.'' जर्मनांच्या चमच्याबद्दल मी त्यानंतर चकार शब्द काढलेला नाही.

तरी लिंगं परवडली. खरा छळ सुरू होतो तो आपण अमुक भाषा शिकतोय हे नातेवाइकांना कळल्यावर. त्यांना सगळ्या भाषांमधलं एकच वाक्य ठाऊक असतं : 'बोलून दाखव की.' माझी मावसबहीण एकदा व्हिडिओ कॉलवर तिच्या जर्मन सहकाऱ्याशी बोलत होती. मी समोरून गेलो, एवढाच माझा गुन्हा. ''दादा, ये ना, तुला जर्मन येतं ना!'' म्हणत तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी पाठ असलेलं 'आपण कसे आहात?' खणखणीत आवाजात विचारलं. उच्चार इतका चांगला साधला, की तिथेच घात झाला. पुस्तकातला माणूस या प्रश्नाला 'मी बरा आहे, आभारी आहे' एवढं म्हणून गप्प बसतो. हा गृहस्थ तो खरोखर कसा आहे ते सांगू लागला! मधेच हसला, म्हणून मीही हसलो. मग तो गंभीर झाला, तेव्हा माझं हसू अजून आवरायचं होतं. जर्मनमध्ये पोटवाक्याचं क्रियापद शेवटी येतं. क्रियापदाची वाट बघायची आपल्याला जन्माची सवय, त्यामुळे मी धीर धरून उभा राहिलो. अखेर ते आलं. पण ओळखीचं निघालं नाही. ''वा! छान गप्पा झाल्या,'' बहीण म्हणाली.

माणसं अशी धड्याबाहेरचं बोलतात म्हणून मी मोबाइल अॅपकडे वळलो. अॅप धड्याबाहेर जात नाही. 'गाढव वर्तमानपत्र वाचतं' हे वाक्य मी त्याच्या कृपेनं चार भाषांत बिनचूक म्हणू शकतो. फक्त तसं गाढव भेटायचं बाकी आहे. एक दिवस चुकला की अॅप रुसतं, दोन दिवस चुकले की 'तुझी आठवण येते' असं कळवतं. एवढी काळजी सख्ख्या भावंडांनी केलेली नाही.

मग जपानीचा हिशेब मांडला. हिरागानाची मूळ अक्षरं 46. ती गिरवून संपतात तोच कळतं की तेवढीच काताकानाचीही आहेत, आणि उच्चार तेच आहेत! ही दुसरी लिपी मुख्यतः परदेशी शब्दांसाठी, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळी बैठक. त्यानंतर कांजी. रोजच्या वापरातल्या कांजींची जी सरकारी यादी आहे, तिच्यात 2136 चिन्हं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे उच्चार शेजारी कोण बसलंय ते बघून बदलतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला जपानी यायला वर्गातलेच सुमारे 2200 तास लागतात, असा त्यांचा अंदाज. अॅप म्हणतं, रोज पाच मिनिटं द्या, पुरे. मी भागाकार केला. 72 वर्षं.

या घडीला कोणीतरी हमखास मेझोफान्तीचं नाव काढतं. बोलोन्यात जन्मलेला, 1849 मध्ये वारलेला हा कार्डिनल इटलीबाहेर न पडता म्हणे डझनांनी भाषा बोलत असे. बोलत असेल. त्याला मावसबहीण नसावी. 1887 मध्ये झामेनहॉफनं एस्पेरांतो ही सोपी भाषा मुद्दाम घडवली, तिचं व्याकरण अवघ्या 16 नियमांत बसवलं. म्हटलं, ही आपली भाषा! नियम पटापट झालेही. पण आता ती बोलायची कोणाशी, याचा नियम त्या सोळांत कुठेच सापडेना.

सध्या माझं फिनिशवर मन बसलंय. तिच्यात लिंगभेदच नाही; चमचा, सुरी, ताट, सगळे एका पंगतीत. पहिला धडा मी एका बैठकीत संपवला. विभक्त्या 15 आहेत असं कळतं, पण त्या पुढच्या धड्यापासून आहेत. वही आणलेली आहे. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.